हद्दीचे आकडे: जमीन मोजणी आणि भौगोलिक माहिती प्रणाली

जमीन मोजणी म्हणजे जमिनीवरच्या खुणांमधली अंतरे, कोन आणि उंची मोजून त्यांचे आकडे तयार करणे. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातले जीआयएस, त्या आकड्यांना पृथ्वीवरची नेमकी जागा देते, त्यांच्यापासून नकाशाचे थर बनवते आणि प्रत्येक आकृतीला तिची माहिती जोडते: गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार, पीक, विहीर, कालवा. एका शेताची मोजणी त्या शेतापुरती असते. जीआयएसमध्ये गेल्यावर तेच शेत शेजारच्या गटांशी, नदीशी, रस्त्याशी आणि धरणाच्या बुडीत क्षेत्राशी ताडून पाहता येते. दोन्ही कामे एकमेकांवर अवलंबून आहेत, पण त्यांचा क्रम ठरलेला आहे. मोजणी चुकली असेल तर जीआयएस ती चूक सुधारत नाही. फक्त ती अधिक सुबक दिसू लागते.

हा संबंध समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातले पिशोर चांगले ठिकाण आहे. गाव मोठे, बाजारपेठेचे. उत्तरेकडे सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगा, शिवारातून जाणारी अंजना नदी, जवळच अंजना-पळशी मध्यम प्रकल्प, आणि मका, कापूस, अद्रक यांची शेती. डोंगरउतार, नदीकाठ, तलाव, कालवा, दाट गावठाण आणि तुकड्या-तुकड्यांची शेतजमीन अशी मोजणीला अडचणीची वाटणारी बहुतेक सगळी परिस्थिती या भागात एकत्र आहे. शिवाय हा मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात असल्यामुळे इथल्या जमिनीच्या कागदांना वेगळा इतिहास आहे.

साखळीचा काळ

दख्खनमध्ये जमीन मोजून सारा ठरवण्याची परंपरा जुनी आहे. 1610 मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरची जमाबंदी प्रसिद्ध आहे. तीच खडकी पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, झाली, आणि औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, 1650 च्या दशकात, दिवाण मुर्शिद कुली खानाने पैमाइशीवर आधारलेला सारा इकडे लागू केला. पण शेतागणिक नकाशा ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. मुंबई इलाख्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याचा पुणे भागातला पहिला प्रयत्न फसला. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 पासून इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. त्यांच्या पद्धतीला 1847 च्या संयुक्त अहवालाने पक्के रूप दिले. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात याच धर्तीवरची मोजणी आणि आकारणी त्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात झाली. तिला नंतर 1317 फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याचा आधार मिळाला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि अखेरीस महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 या कायद्याने सगळ्या राज्याला एकच चौकट दिली. राज्ये बदलली तरी मूळ मोजणीचे कागद तेच राहिले, आणि आजच्या संगणकातला नकाशा अनेक ठिकाणी त्याच कागदांवर उभा आहे.

मुंबई पद्धतीतली साखळी 33 फुटांची होती. तिचे 16 भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. ही लांबी मुद्दाम निवडलेली होती. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद चौकोनाचे क्षेत्र 1089 चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा; आणि असे 40 गुंठे म्हणजे 43,560 चौरस फूट, एक एकर. त्यामुळे साखळीत मोजलेल्या लांबी-रुंदीचा गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यात येई.

मोजणी करणारा शेताच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ आधाररेषा धरी. साखळी त्या रेषेवरून चाले. शेताचा एखादा कोपरा या रेषेच्या काटकोनात आला की शंकू नावाच्या साधनाच्या खाचांतून पाहून ती जागा पक्की केली जाई आणि तिथून कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजला जाई. रेषेवरचे अंतर आणि लंब असे दोन आकडे प्रत्येक कोपऱ्याला मिळत. हाताने काढलेल्या ज्या कच्च्या आकृतीवर हे आकडे लिहिले जात, तिला टिपण म्हणतात. समजा, आधाररेषेवर 2 साखळ्यांवर लंब 1 साखळी 8 आणे आहे आणि 5 साखळ्यांवर 2 साखळ्या 8 आणे आहे. दोन लंबांमधला तुकडा समलंब चौकोन होतो. लंबांची सरासरी 2 साखळ्या, मधले अंतर 3 साखळ्या, म्हणून क्षेत्र 6 गुंठे. अशा तुकड्यांची बेरीज गुणाकार बुकात होई. कन्नडचा घाट उतरून गेले की पाटणादेवीचा परिसर लागतो. भास्कराचार्यांच्या विद्येची परंपरा सांगणारा शिलालेख तिथे आहे, आणि त्यांच्या 1150 च्या लीलावतीत क्षेत्रव्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुणाकार बुकातले त्रिकोण आणि चौकोन त्याच गणिताचे आहेत.

टिपणांवरून गावाचा नकाशा तयार झाला. तो बहुधा एक इंचाला 20 साखळ्या किंवा 10 साखळ्या अशा प्रमाणात असे, म्हणजे 1:7920 किंवा 1:3960. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. 1:7920 च्या नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळजवळ दोन मीटर व्यापते. बांध त्याहून अरुंद असतो. म्हणजे नकाशावरच्या रेघेला पट्टी लावून बांधाची जागा सांगणे त्या नकाशाच्या कुवतीबाहेरचे आहे. टिपणातला आकडा मात्र आण्यापर्यंत, म्हणजे दोन फुटांपर्यंत लिहिलेला असतो. शिवाय कागद आणि कापड आकसते. लांबी शेकडा एकाने आकसली तर क्षेत्र शेकडा दोनने कमी भरते. लिहिलेला आकडा आकसत नाही. गावनकाशापेक्षा टिपणाला जास्त किंमत का, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे. पुढे जीआयएसच्या कामात सर्वांत मोठी गफलत होते ती हाच फरक विसरल्यामुळे.

मूळ मोजणीनंतर कागदांची संख्या वाढत गेली. शेताचे हिस्से पडले तेव्हा फाळणी नकाशे झाले, आकारफोड पत्रके झाली. जमीन संपादित झाली किंवा बिनशेती झाली तेव्हा कमी-जास्त पत्रके झाली. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जिथे योजना राबवली गेली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकाच जमिनीची ओळख त्यामुळे दोन क्रमांकांत विभागली. जुनी टिपणे सर्व्हे नंबरावर आहेत, सातबारा गट नंबरावर आहे, आणि दोन्ही जोडून दाखवणारा तक्ता मिळाला नाही तर मोजणी सुरूच होऊ शकत नाही.

पृथ्वीवर जागा

साखळीच्या मोजणीत एक उणीव होती. शेताचा आकार अचूक मिळे, पण ते शेत पृथ्वीवर कुठे आहे हे त्यातून कळत नसे. पिशोरचा नकाशा शेजारच्या गावाच्या नकाशाला लावला तर शिवेवर कुठे फट राही, तर कुठे दोन्ही गावांच्या रेघा एकमेकींवर चढत. अक्षांश-रेखांश ठरवण्याचे काम वेगळ्या खात्याने, वेगळ्या हेतूने केले होते. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. ते उत्तरेकडे नेत असतानाच 1823 मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम वाढवले. 1767 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे या त्रिकोणांच्या जाळ्यावर आधारले. पिशोर त्यांच्या 46 पी या पत्रात येते: 75 ते 76 अंश पूर्व रेखांश आणि 20 ते 21 अंश उत्तर अक्षांश. पण महसूल खात्याचे गावनकाशे आणि सर्वेक्षण विभागाचे हे नकाशे शंभर-सव्वाशे वर्षे एकमेकांपासून वेगळेच राहिले.

त्यात आणखी एक गुंता आहे. एव्हरेस्टच्या काळी पृथ्वीचा आकार ज्या आकड्यांनी धरला, तो भारताला चांगला जुळणारा होता. उपग्रहांसाठी वापरला जाणारा डब्ल्यूजीएस 84 हा आकार सगळ्या पृथ्वीला जुळणारा आहे. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश या दोन पद्धतींत वेगळे येतात आणि भारतात तो फरक जमिनीवर शंभरेक मीटरचा असू शकतो. पिशोरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे 29 मीटर आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे 31 मीटर. जुन्या पत्रावरून उतरवलेला बिंदू रूपांतर न करता उपग्रह चित्रावर ठेवला, तर विहीर शेजाऱ्याच्या गटात दिसू लागते.

जीआयएसला गोल पृथ्वी सपाट कागदावर आणावी लागते. त्यासाठी बहुधा यूटीएम ही पद्धत वापरतात. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. पिशोर 43 व्या पट्ट्यात येते, ज्याचे मध्य रेखावृत्त 75 अंश आहे. गाव या मध्यरेषेजवळ असल्यामुळे इथे नकाशावरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किंचित कमी भरते. पद्धतीनेच तिथे 0.9996 हा गुणक ठरवला आहे, म्हणजे एका किलोमीटरमागे सुमारे 40 सेंटीमीटर. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे आणखी थोडी घट होते. एका हेक्टरच्या शेताचे क्षेत्र सपाट नकाशावर त्यामुळे आठ-दहा चौरस मीटरने कमी दिसते. यात कुणाची जमीन कुणी घेतलेली नसते. ही प्रक्षेपाची किंमत आहे, आणि क्षेत्र सांगण्याआधी ती परत जमा करावी लागते. चांगल्या जीआयएस आज्ञावलीत तशी सोय असते; ती वापरायची की नाही, हे काम करणाऱ्याच्या हातात राहते.

रोव्हर

आज कन्नडच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडून मोजणी होते तेव्हा भूकरमापकाच्या हातात साखळीऐवजी रोव्हर असतो: काठीवर बसवलेला उपग्रह-संदेश घेणारा संच. सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून तो लहरी घेतो. मोबाइल फोनही त्याच घेतो, पण फोनची अचूकता काही मीटरांची असते. रोव्हर दोन बाबतींत वेगळा आहे. तो संदेशातल्या सांकेतिक आकड्यांबरोबर खुद्द वाहक लहरीचा टप्पाही मोजतो. या लहरीची लांबी सुमारे 19 सेंटीमीटर असल्याने तिच्या अंशापर्यंत मोजता आले की सेंटीमीटर गाठता येतो. शिवाय वातावरणामुळे आणि उपग्रहाच्या घड्याळामुळे येणारी चूक त्याला दुसरे कुणीतरी कळवत असते. ते काम सततच्या संदर्भ केंद्रांचे, ज्यांना कॉर्स म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभाग आणि राज्याचा भूमी अभिलेख विभाग यांनी मिळून महाराष्ट्रात अशी 77 केंद्रे उभारली. प्रत्येक केंद्राची जागा आधीच अतिशय अचूक ठाऊक असते. त्यामुळे उपग्रहावरून येणारे उत्तर आणि खरी जागा यांतला फरक दर क्षणी काढता येतो. हा फरक मोबाइल इंटरनेटवरून रोव्हरला पोचतो आणि काही सेकंदांत बिंदूची जागा दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत मिळते.

ज्या कामाला पूर्वी दिवस लागे ते आता तासांत होते. पण रोव्हर सगळीकडे चालत नाही. दाट चिंचेखाली, आंब्याखाली किंवा डोंगराच्या कुशीत त्याला आकाश पुरेसे दिसत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरून किंवा पत्र्याच्या छपरावरून उसळलेली लहर खोटे उत्तर देते. डोंगरपट्ट्यात मोबाइलचे नेटवर्क नसले तर दुरुस्तीचा आकडाच येत नाही. अशा वेळी मोकळ्या जागी रोव्हरने दोन बिंदू पक्के करून पुढचे काम इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने करतात. हे यंत्र प्रकाशकिरण परत येण्यावरून अंतर आणि चक्रावरून कोन मोजते. त्याला आकाशाची गरज नसते, समोरची खूण दिसली पाहिजे एवढेच. कोणत्या कोपऱ्याला कोणते यंत्र वापरले आणि वाचन किती पक्के होते, याची नोंद मोजणीबरोबर ठेवली तर पुढच्या पिढीला तिचा भरवसा कळतो. ही नोंद फार ठिकाणी गाळली जाते, आणि ती गाळणे हे मोजणीचे मोठे नुकसान आहे.

उंचीचा प्रश्न स्वतंत्र आहे. उपग्रह जी उंची सांगतात ती गणिती पृष्ठापासूनची. पाणी ज्या पातळीने वाहते ती समुद्रसपाटीशी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी जोडलेली असते. भारतात या दोन पातळ्यांमध्ये कित्येक मीटरांचा फरक आहे आणि तो जागोजागी बदलतो. कालव्याच्या तळाला एका किलोमीटरमागे काही सेंटीमीटरांचाच उतार द्यायचा असतो. म्हणून अंजना-पळशीसारख्या प्रकल्पाच्या कालव्यासाठी रोव्हरच्या उंचीवर विसंबून चालत नाही, दुर्बिणीने तळपातळी काढावीच लागते.

दोन रेषा

शेतकऱ्याने ई-मोजणी प्रणालीवर हद्द कायम मोजणीचा अर्ज केला आणि फी भरली की लगतधारकांना नोटिसा जातात. ठरलेल्या दिवशी भूकरमापक शिवारात येतो. तो तिथे दोन वेगळी कामे करतो, आणि जीआयएसच्या भाषेत ते दोन वेगळे थर आहेत. पहिला थर वहिवाटीचा: आज बांध कुठे आहे, तार कुठे आहे, नांगर कुठपर्यंत चालतो. रोव्हर घेऊन सगळे कोपरे चालले की तो मिळतो. दुसरा थर अभिलेखाचा: मूळ टिपण, फाळणी आणि एकत्रीकरणाचा नकाशा यांप्रमाणे हद्द कुठे असायला हवी. तो जमिनीवर दिसत नाही, काढावा लागतो.

हे काढणे म्हणजेच मोजणी आणि जीआयएस यांची खरी गाठ. टिपणातल्या साखळ्या-आणे मीटरमध्ये बदलायचे. 33 फूट म्हणजे 10.058 मीटर. त्यातून शेताची आकृती आपल्याच मोजमापांनी उभी राहते, पण ती अजून हवेत असते. तिला जमिनीवर बसवायला जुन्या मोजणीतल्या आणि आजही जागेवर असलेल्या खुणा लागतात: हद्दीचा दगड, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी बांधीव विहीर. दोन खुणा सापडल्या तर आकृती सरकवून आणि फिरवून बसवता येते. तिसरी आणि चौथी खूण लागते ती पडताळ्यासाठी. बसवलेल्या आकृतीतला कोपरा आणि प्रत्यक्ष सापडलेला दगड यांत किती अंतर उरले, हे पाहूनच खुणा विश्वासार्ह आहेत की कुणी दगड हलवला आहे, ते ठरते.

संगणकात एक सोपी पळवाट असते. खुणा जुळत नसतील तर आज्ञावली आकृतीला ओढून-ताणून सगळ्या खुणांवर बसवून देते, रबराच्या चादरीसारखी. पडद्यावर सगळे नीट दिसते, उरलेला फरक शून्य दिसतो, पण शेताच्या बाजूंची लांबी मूळ टिपणाशी जुळत नाही. उपग्रह चित्र पसरायचे असेल तेव्हा ही पद्धत योग्य आहे. मालकीच्या हद्दीसाठी मात्र ती वापरू नये. मोजलेली लांबी हा पुरावा आहे आणि पुरावा ताणायचा नसतो.

दोन्ही थर एकावर एक ठेवले की फरक आपोआप दिसतो. कुठे वहिवाट अभिलेखाच्या आत आहे, कुठे बांध कोरून शेजारी पुढे आला आहे, आणि किती चौरस मीटर, हे क्षणात कळते. मग हद्दीच्या खुणा जागेवर दाखवल्या जातात आणि मोजणी नकाशाची क प्रत अर्जदाराला मिळते. ती पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, आणि त्यावर सुपर निमताना मोजणी मागता येते. लगतधारकांना नोटीस देण्याचे, त्यांना समक्ष हजर ठेवण्याचे काम यंत्राने सोपे झालेले नाही, आणि होऊही नये. हद्द दोन शेजाऱ्यांमध्ये असते. एकाच्याच समोर मोजलेली रेषा कितीही अचूक असली तरी भांडण मिटवत नाही.

गाव एका पडद्यावर

एका गटाचे जे काम झाले ते सगळ्या गावाचे झाले की जीआयएसची खरी उपयुक्तता दिसू लागते. ही प्रणाली मुळात जमिनीच्या हिशोबासाठीच जन्मली. 1960 च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सनने देशभरच्या जमिनीची नोंद संगणकात साठवण्यासाठी पहिली मोठी प्रणाली उभारली. महाराष्ट्रात नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र 1988 पासून उपग्रह चित्रांवरून भूवापर, पाणलोट आणि माती यांचे थर तयार करत आले आहे. केंद्र सरकारने 2008 मध्ये सुरू केलेल्या आणि आज डिजिटल इंडिया लँड रेकॉर्ड्स मॉडर्नायझेशन या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमाखाली जुने नकाशे संगणकात आले. राज्यातले गटनकाशे आज महाभूनकाशा या संकेतस्थळावर दिसतात. अक्षांश-रेखांशांवर आधारलेला 14 अक्षरी-अंकी भू-आधार क्रमांक प्रत्येक भूखंडाला देण्याचे देशाचे धोरण आहे. ज्या भूखंडाचे कोपरे मोजलेले आहेत, त्याच्यासाठी तो क्रमांक खऱ्या जागेची ओळख ठरतो.

गावाचे सगळे गट एका थरात आले की प्रणाली त्यांची जुळणी तपासते. दोन गटांमध्ये फट राहता कामा नये, दोन गट एकमेकांवर चढता कामा नयेत आणि सगळ्या गटांची, रस्त्यांची, नदीची, गावठाणाची बेरीज गावाच्या एकूण क्षेत्राइतकी यायला हवी. आकारबंदातले, म्हणजे गावाच्या मूळ आकारणीच्या नोंदीतले क्षेत्र, सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि नकाशावरून काढलेले क्षेत्र असे तीन आकडे शेजारी ठेवता येतात. जिथे ते जुळत नाहीत तिथे कुठलेतरी कमी-जास्त पत्रक अमलात यायचे राहून गेले आहे, असा माग बहुधा लागतो. हाताने हे काम एका गावासाठी महिनोन् महिने चालले असते.

मग इतर थर येतात. तलावाच्या पूर्ण भरलेल्या पातळीची रेषा गटांवर ठेवली की कोणत्या गटाचा किती भाग पाण्याखाली जातो हे दिसते. भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीत पूर्वी हाच प्रश्न कागदावर सोडवत. नदी सरकलेली असेल तर जुन्या नकाशातला काठ आणि आजचा काठ यांची तुलना करता येते. गावनकाशावर दाखवलेले शिवरस्ते आणि गाडीवाटा आज कुठे नांगरल्या गेल्या आहेत, तेही कळते. ज्या शेताला वाट नाही त्या शेतातली अद्रक काढून बाजारात न्यायची कशी, हा पिशोरसारख्या गावात पैशाचा प्रश्न आहे. म्हणून रस्त्यांचा थर गटांच्या थराइतकाच काळजीने करायला हवा.

शेतकऱ्याची जीआयएसशी गाठ बहुधा ई-पीक पाहणीत पडते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत पिकाचा फोटो शेतात उभे राहून मोबाइलने काढायचा असतो आणि फोन त्या जागेचे अक्षांश-रेखांश जोडतो. ॲप ही जागा गटाच्या आकृतीशी ताडून पाहते. फोन काही मीटर चुकला तरी चालते. गावनकाशा पृथ्वीवर बसवतानाच पन्नास मीटर सरकलेला असेल, तर मात्र आपल्याच मक्यात उभ्या असलेल्या माणसाला तो गटाबाहेर असल्याचे सांगितले जाते. दोष फोनचा नसतो, शेतकऱ्याचा तर नसतोच. पुरेसे नियंत्रण बिंदू न मोजता नकाशा बसवल्याचा तो परिणाम असतो. पीक विमा आणि नुकसानभरपाई या नोंदींवर अवलंबून असल्यामुळे हे सरकलेले मीटर थेट शेतकऱ्याच्या खिशावर येतात.

गावठाणाची गोष्ट वेगळी. शेतसाऱ्याच्या मोजणीत गावठाण हा एकच तुकडा असे; त्यातल्या घरांच्या हद्दी मोजल्या गेल्या नव्हत्या, कारण घरावर शेतसारा नव्हता. दाट वस्तीत साखळी ओढणेही कठीण. यासाठी ड्रोन उपयोगी ठरले. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्राने याचा पहिला प्रयोग केला आणि 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. उड्डाणाआधी लोक आपल्या मिळकतीच्या हद्दी चुन्याने आखतात. ड्रोन वरून एकमेकांवर चढणारी असंख्य चित्रे घेतो, आणि जमिनीवर रोव्हरने मोजलेल्या नियंत्रण बिंदूंच्या आधाराने त्या चित्रांचा एक अखंड, मापात असलेला नकाशा बनतो. पत्र्याखाली किंवा झाडाखाली गेलेल्या भिंती जागेवर जाऊन मोजाव्या लागतात. चौकशी झाल्यावर मालमत्ता पत्रक तयार होते. इथेही चुन्याची रेघ शेजाऱ्यांच्या संमतीने पडली असेल तरच नकाशा टिकतो.

पोटहिश्शांची पोकळी

सर्वांत मोठे काम अजून बाकी आहे. समजा, पिशोर शिवारातला 4 हेक्टरचा एक गट आहे. आजोबांच्या नावावर होता, मग तीन मुलांच्या, मग नातवंडांच्या. मधे एकाने आपला 40 आरचा हिस्सा विकला. सातबाऱ्यावर आज सात-आठ नावे आहेत आणि प्रत्येकापुढे क्षेत्र लिहिले आहे. फेरफार मंजूर आहेत. पण जीआयएसमध्ये तो गट अजूनही एकच आकृती आहे, कारण वाटण्या तोंडी झाल्या, बांध घातले गेले, मोजणी मात्र झाली नाही. माहितीच्या तक्त्यात सात-आठ मालक आहेत आणि नकाशात त्यांच्यासाठी एकही रेघ नाही. विहीर कुणाच्या वाट्याला, वाट कुणाच्या शेतातून, पोटखराब्याचा डोंगराकडचा तुकडा कुणाचा, हे प्रणालीला विचारून उपयोग नाही.

उपग्रह चित्रावरून दिसणारे बांध आखून ही पोकळी भरता येईल, असे अनेकांना वाटते. तसे करणे चुकीचे आहे. चित्रात दिसते ती वहिवाट, हक्क नव्हे. एका भावाने पाच वर्षांपूर्वी सरकवलेला बांध चित्रातही सरकलेलाच दिसणार, आणि तो सरकारी थरात गेला की अतिक्रमणाला अक्षांश-रेखांश मिळणार. पोटहिस्सा हा सहधारकांच्या संमतीने किंवा सक्षम आदेशाने ठरतो आणि जागेवर मोजला जातो. त्यानंतरच आकारफोड होऊन सातबारा वेगळा होतो आणि नकाशात नवी रेषा येते.

म्हणून सामाईक गट असलेल्या प्रत्येक कुटुंबाने वाटणीची बोलणी चांगली चालली आहेत, जुन्या खुणा दाखवणारी वडीलधारी माणसे हयात आहेत, तोवरच पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करावा. मूळ टिपण, फाळणी आणि असल्यास एकत्रीकरणाच्या नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आधीच काढून ठेवावी, मोजणीच्या दिवशी सगळ्या सहधारकांनी आणि लगतधारकांनी बांधावर हजर राहावे, आणि हातात आलेली क प्रत सातबाऱ्याइतकीच जपून ठेवावी.